रेफरन्स नंबर २३ आणि माझी उडालेली झोप: केमिस्ट्रीच्या पेपरात सायटेशन नक्की द्यायचं कसं?

पिपेटवाली

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते, आज नाइलाजाने धागा काढतेय. पहिलाच पेपर आहे, फर्स्ट ऑथर मी. काम संपलं, फिगर्स झाल्या, ८७ पानांचा एसआय (पेपरासोबत द्यायची जास्तीची माहिती) झाला, म्हटलं सुटले एकदाची, तर काल सरांनी मॅन्युस्क्रिप्ट परत दिली आणि त्यात केमिस्ट्रीवर जेमतेम दोन कमेंट आणि रेफरन्सच्या पानांवर लालच लाल. ६४ रेफरन्स आहेत. कुठे साल ठळक नाही, कुठे जर्नलचं नाव पूर्ण तर कुठे शॉर्टफॉर्म, एका टायटलमध्ये सोडियम बोरोहायड्राइडचा ४ खाली न जाता बाकीच्यांच्या रांगेत येऊन बसलाय, आणि १२ नि ४१ हा एकच पेपर निघाला. हे सगळं ठीक आहे, बसून नीट करीन. पण शेवटी पेन्सिलने एक ओळ लिहिलीय, "२३ नंबर स्वतः उघडून वाचला आहेस का?"

नाही वाचला. २३ म्हणजे आमच्या लायगंडची (धातूला जोडायच्या रेणूची) प्रोसिजर. एक्सपेरिमेंटलमध्ये (प्रयोग कसा केला त्या भागात) मी लिहिलंय की लायगंड लिटरेचरमधल्या पद्धतीने बनवला, आणि वर २३. हा नंबर मी आमच्याच ग्रुपच्या आधीच्या पेपरातून उचलला, त्यांनीही तोच दिला होता. सगळे असंच करतात ना? की मीच येडी?

आणि मुळात कशाला रेफरन्स द्यायचा कशाला नाही, रिव्ह्यू द्यायचा की ओरिजिनल, सॉफ्टवेअरला कसा द्यायचा, हे कुणी एकदा धड शिकवतच नाही हो, जो तो सीनियरचं बघून करतो. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

टीएलसी_प्लेट

ताई, फॉरमॅटचं टेन्शन आधी डोक्यातून काढ. एसीएसमध्ये (अमेरिकन केमिकल सोसायटीच्या जर्नलांत) आडनाव आधी, मग आद्याक्षरं, दोन लेखकांच्या मध्ये अर्धविराम, जर्नल तिरपं, साल ठळक, व्हॉल्यूम तिरपा. आरएससीत (ब्रिटनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीकडे) आद्याक्षरं आधी, साल साधं आणि ठळक असतो तो व्हॉल्यूम. म्हणजे एकीकडून नाकारलेला पेपर दुसरीकडे पाठवताना हाताने बदलत बसलीस तर दोन दिवस गेले म्हणून समज. झोटेरो, एंडनोट, मेंडली, रेफरन्स सांभाळणारं जे सॉफ्टवेअर जमेल ते वापर, स्टाइल बदलली की सगळी यादी बदलते.

पण आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार. बटण दाबून पेपर आत ओढला की सॉफ्टवेअर पब्लिशरच्या साइटवरून जे मिळेल ते घेतं, आणि ते नेहमी बरोबर असतंच असं नाही. सगळ्यात जास्त घोळ सालाचा. पेपर डिसेंबर २०१९ला ऑनलाइन येतो, इश्यूत बसतो २०२०च्या, तुझ्या यादीत साल २०१९ आणि व्हॉल्यूम २०२०चा. किंवा पेपर नुसता ऑनलाइन असतानाच सेव्ह केला होतास आणि पान नंबर तेव्हा नव्हताच, तर तो अजूनही रिकामा. टायटलमधले सबस्क्रिप्ट आणि ग्रीक अक्षरं तर हमखास उडतात. तुझा बोरोहायड्राइडचा ४ असाच वर आलाय.

लाटेकमध्ये (टाइपसेटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये) लिहिणारे असाल तर अजून एक: त्यातल्या रेफरन्स यादी करणाऱ्या बिबटेकला टायटलमधली कॅपिटल अक्षरं काही स्टाइलमध्ये खाली आणायची खोड आहे, महिरपी कंसात टाकली नाहीत तर पॅलॅडियमचा पी बारीक होतो आणि एनएमआर तर ओळखूच येत नाही. एसीएससाठी एकेमसो नावाचं पॅकेज आहे, ते घ्या, निम्मा त्रास वाचतो.

शंकासूर

मला एक सांगा, हे सगळं वाचतं कोण? मी आजवर नऊ पेपर छापले, एकाही रिव्ह्यूअरने रेफरन्स तपासल्याचं आठवत नाही. फार तर "खालील पाच पेपर साइट करा" म्हणतात आणि ते पाचही त्यांचेच निघतात :D

बाकी पब्लिशरकडे कॉपी एडिटर असतात, ते करतात नीट. पेन्सिलवाल्या सरांना सांगा जग पुढे गेलंय.

जुना_बीकर

शंकासूर, कॉपी एडिटर स्वल्पविराम नीट करील. तुमचा २३ नंबरचा पेपर तुम्ही म्हणता तेच सांगतो का, हे तो बघणार नाही, ते त्याचं कामच नव्हे.

पिपेटताई, मी बरीच वर्षं शिकवण्यात आणि एका जर्नलच्या कामात घालवली, त्या अनुभवावर दोन गोष्टी सांगतो. आमच्या वेळी सॉफ्टवेअर नव्हतं, कार्डं होती, त्यामुळे काही आडाखे डोक्यात बसले ते अजून उपयोगी पडतात. जे. ॲम. केम. सोस.चा व्हॉल्यूम म्हणजे सालातून १८७८ वजा. २०२० असेल तर १४२ आलाच पाहिजे. जे. ऑर्ग. केम.ला १९३५ वजा करा, ऑर्ग. लेट.ला १९९८. केम. रेव्ह.चं तर गेल्या काही दशकांत १९०० वजा केले की झालं, १९९५चा व्हॉल्यूम ९५. यादीवरून नुसती नजर फिरवली तरी चुकलेला रेफरन्स ठेच लागल्यासारखा लागतो.

अँगेवांड्टे या जर्मन जर्नलची गंमत निराळी. जर्मन आवृत्ती वेगळी, इंटरनॅशनल एडिशन वेगळी, आणि ही दुसरी सुरू झाली १९६२ला. पेपर एकच पण व्हॉल्यूम दोन आणि पानंही दोन. जर्मन व्हॉल्यूममधून ७३ वजा केले की इंटरनॅशनलचा येतो. म्हणजे २००१ला इकडे ११३, तिकडे ४०. लोक एकीचा व्हॉल्यूम आणि दुसरीची पानं असा संकर करून ठेवतात आणि मग वाचणारा शोधत बसतो. १९९७पर्यंतचं असेल तर नावाच्या शेवटी एंग्ल. पण लावायचं.

जुन्या जर्नलांची नावं आजच्या नावाने लिहू नका. बेरिष्टं हे जर्मन जर्नल १९४५पर्यंत बेर. ड्यूट. केम. गेस. होतं, १९४७पासून केम. बेर. झालं. व्योलरचा युरियाचा १८२८चा पेपर घ्या, कुठे तो व्हॉल्यूम १२ म्हणून दिसेल, कुठे ८८. दोन्ही बरोबर! पॉगेनडॉर्फ या संपादकाच्या मालिकेप्रमाणे मोजलं तर १२, आणि आनालेन हे जर्नल सुरुवातीपासून मोजलं तर ८८. पान तेच, २५३. हे माहीत नसलेला माणूस एक चूक समजून दुसरा करत बसतो.

जर्नलच्या शॉर्टफॉर्मबद्दल वाद असेल तर केमिकल ॲब्स्ट्रॅक्ट्सवाल्यांची कॅसी नावाची यादी आहे, तिथे बघा. स्वतःच्या मनाने शॉर्टफॉर्म पाडू नका.

पिपेटवाली

बीकरकाका, दंडवत! वजाबाकी करून पाहिली, ६४पैकी पाच चुकलेले सापडले, त्यातले तीन ते डिसेंबरवालेच, टीएलसी म्हणतो तसे. वाखू (वाचनखूण) साठवली.

स्फटिका

माझी क्रिस्टलोग्राफीवाल्यांची पोटतिडीक इथेच ओकते. शेलएक्स म्हणजे एक्सरे डेटावरून क्रिस्टलचं स्ट्रक्चर काढायचे प्रोग्राम, त्यांचं सायटेशन!!

२००८ला शेल्ड्रिक यांनी ॲक्टा क्रिस्ट. एमध्ये शेलएक्सच्या इतिहासावर एक पेपर लिहिला आणि त्यातच सांगून ठेवलं की हे प्रोग्राम वापरले तर साइट करायला हा पेपर चालेल. सगळ्या जगाने केला. परिणाम असा की त्या जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर (पेपरमागे सरासरी सायटेशन) जो २च्या आसपास असायचा तो २००९ला ४९च्या वर गेला. एका पेपरमुळे. इम्पॅक्ट फॅक्टरवर भाषण द्यायची वेळ आली की मी एवढंच सांगते.

आता खरी मेख. २०१५ला त्यांचे दोन पेपर आले. एक शेलएक्सटीवर, म्हणजे स्ट्रक्चर सोडवायचा प्रोग्राम, ॲक्टा क्रिस्ट. एमध्ये, व्हॉल्यूम ७१, पानं ३ ते ८. दुसरा शेलएक्सएलवर, म्हणजे रिफाइनमेंट, ॲक्टा क्रिस्ट. सीमध्ये, व्हॉल्यूम ७१, पानं ३ ते ८!! लेखक तोच, साल तेच, व्हॉल्यूम तोच, पानं तीच, फरक एका अक्षराचा. काही सॉफ्टवेअर डुप्लिकेट समजून एक उडवून टाकतात. आणि काही जण ते अक्षरच गाळतात, मग कुठला प्रोग्राम वापरला ते देव जाणे. ज्याने सोडवलं तो आणि ज्याने रिफाइन केलं तो, दोन्ही वेगवेगळे द्यायचे बरं का. सीसीडीसीचा (क्रिस्टल डेटा जमा करायच्या केंद्राचा) डिपॉझिशन नंबरही विसरू नका.

आणि सुपरस्क्रिप्टची एक किरकोळ पण फार छळणारी गोष्ट. सेल व्हॉल्यूम घन अँगस्ट्रॉममध्ये लिहून त्याला लागून रेफरन्स ५ टाकला की वाचणाऱ्याला दिसतो घात ३५. परवाच एका ड्राफ्टमध्ये पाहिलं. आकडा किंवा एककाला चिकटून नंबर द्यायचाच नाही, वाक्य फिरवून शब्दावर आणायचा.

गणिती_रसायन

स्फटिका यांना +१. आमच्याकडचं दुखणं बी३एलवायपी, म्हणजे कॉम्प्युटरवर रेणूंचं गणित करायच्या डीएफटी पद्धतीतलं एक सूत्र.

डीएफटी वापरणारा प्रत्येक जण बेके १९९३ आणि ली-यांग-पार १९८८ ही जोडी देतो, पाठ असते ती. पण बेकेच्या १९९३च्या त्या पेपरात बी३एलवायपी नाहीच. तीन पॅरामीटरची कल्पना आहे, पण त्यातला कोरिलेशनचा भाग पीडब्ल्यू९१ या वेगळ्या सूत्राचा. त्या जागी एलवायपी (ली-यांग-पार यांचं) घालून आज आपण वापरतो ते रूप स्टीफन्स आणि मंडळींच्या १९९४च्या पेपरात आलं. तोही द्यायला हवा, आणि निम्मे लोक देत नाहीत. कारण? पाठ असलेल्या जोडीत तो नाही.

त्यात अजून एक चकवा. बेके आहे जे. केम. फिज., व्हॉल्यूम ९८, पान ५६४८. स्टीफन्स आहे जे. फिज. केम., व्हॉल्यूम ९८, पान ११६२३. केम फिज आणि फिज केम, दोन्हीकडे ९८. झोपेत टाइप केलं की गेलं.

बाकी गॉसियन हा गणिताचा प्रोग्राम वापरला असेल तर नुसतं गॉसियन १६ लिहून भागत नाही, रिव्हिजन कुठली तेही लिहायचं, डिफॉल्ट बदललेले असतात आणि आकडे जुळले नाहीत की लोक तुमच्या नावाने शंख करतात.

सोडियम_डी_लाईन

मी एमएस्सीला आहे, प्रश्न बावळट वाटला तर माफ करा. मी प्रोजेक्ट रिपोर्टची इंट्रो लिहिताना एआयला सांगितलं की या परिच्छेदाला रेफरन्स दे, त्याने लगेच आठ दिले, डीओआयसकट (पेपरचा कायमचा ऑनलाइन नंबर), एकदम प्रोफेशनल दिसतायत. ते डायरेक्ट टाकले तर चालतील का? विषयाशी मॅच होतायत सगळे.

टीएलसी_प्लेट

नको रे बाबा!! मॅच होणारच, त्याचं कामच ते आहे, होईलसं दिसणारं वाक्य तयार करणं. नाव खऱ्या शास्त्रज्ञाचं, जर्नल खरं, टायटल असं की वाटावं कुणीतरी लिहिलंच असणार, आणि पेपर अस्तित्वातच नाही. मी रिव्ह्यू करताना एकदा असा डीओआय उघडला तर निघाला भलत्याच विषयाचा पेपर. उरलेली यादी वाचलीच नाही, एडिटरला कळवलं.

आठही डीओआय एकेक करून उघड. एसीएसचे १०.१०२१ने सुरू होतात, आरएससीचे १०.१०३९, वायलीचे १०.१००२, एल्सव्हियरचे १०.१०१६. जर्नल एसीएसचं आणि डीओआय १०.१०१६ असेल तर तिथेच पाल चुकचुकली पाहिजे. एसीएसच्या जुन्या डीओआयमध्ये तर पुढे जर्नलची खूणही असते, जेए म्हणजे जॅक्स (जे. ॲम. केम. सोस.), जेओ म्हणजे जेओसी (जे. ऑर्ग. केम.), ओएल म्हणजे ऑर्ग लेट, सीआर म्हणजे केम रेव्ह. आणि उघडला म्हणजे झालं नाही, टायटल, लेखक, साल जुळव आणि निदान तो भाग वाच ज्याच्यासाठी तू तो देतोयस.

सोडियम_डी_लाईन

उघडले. आठपैकी तीन खरे. दोन डीओआय दुसऱ्याच पेपरचे, तीन उघडतच नाहीत. रिपोर्ट परवा द्यायचाय. मेलो.

नुसता_वाचक

एआय आज आला हो, माणसं हे आधीपासून करतायत. एका मोठ्या पब्लिशरच्या लेखकांसाठीच्या सूचनांमध्ये रेफरन्स कसा लिहावा याचा नमुना म्हणून एक खोटा पेपर दिला होता, वैज्ञानिक लेख लिहिण्याच्या कलेवर, साल २०००, पानं ५१ ते ५९. तसं जर्नलच नाही. तरी तो शेकडो पेपरांत साइट झालेला सापडला. लोकांनी टेम्प्लेट घेतला, आपला मजकूर भरला आणि नमुना पुसायचा राहिला.

आणि २००३ला सिमकिन आणि रॉयचौधरी या दोघांनी एक छान युक्ती केली होती. प्रसिद्ध पेपरांच्या सायटेशनमधल्या छपाईच्या चुका गोळा केल्या. पान नंबरातली तीच चूक डझनावारी ठिकाणी दिसते, आता इतक्या जणांच्या हातून स्वतंत्रपणे तीच चूक होणार कशी, म्हणजे एकमेकांच्या यादीतून उतरवलेली. त्यावरून हिशोब करून ते म्हणाले, साइट करणाऱ्यांतले सुमारे २० टक्केच मूळ पेपर वाचतात.

अवांतर: मला सगळ्यात आवडलेली गोष्ट केमिस्ट्रीची नाही, वैद्यकातली आहे, पण सांगतोच. १८८७ला प्रागच्या ह्लावा नावाच्या डॉक्टरने आमांशावर चेक भाषेत लेख लिहिला, टायटल "ओ उप्लाविट्सी", म्हणजे "आमांशाविषयी". पुढे त्याचा सारांश देताना कुणीतरी टायटललाच लेखक समजलं. झाले, डॉ. ओ. उप्लाविट्सी जन्माला आले आणि पन्नास वर्षं साइट होत राहिले, १९३८ला एकाने शोध घेतला तेव्हा कुठे वारले.

शंकासूर

हाहाहा, उप्लाविट्सी यांना श्रद्धांजली.

पण माझा मुद्दा तसाच आहे. नंबर उतरवला म्हणून सायन्स चुकतं का? पिपेटताईंचा लायगंड बनला, एनएमआर जुळला, एक्सरे आला. २३च्या जागी २४ छापला असता तर मॉलिक्यूलला काय फरक पडणार होता?

जुना_बीकर

मॉलिक्यूलला नाही, तो मॉलिक्यूल पुन्हा बनवणाऱ्याला पडतो. इंट्रोमधला रेफरन्स चुकला तर फार तर कुणाचं श्रेय बुडतं, तेही वाईटच, पण एक्सपेरिमेंटलमधला रेफरन्स हा पत्ता असतो. तिथे सॉल्व्हेंट किती, तापमान किती, आम्ल थेंब थेंब घालायचं की एकदम, हे सगळं तुम्ही लिहायचं टाळलंत आणि म्हणालात, तिकडे जा, तिथे लिहिलंय. आता तिकडे नसलं तर? कुणीतरी महागडं स्टार्टिंग मटेरियल घेऊन हूडसमोर उभा आहे, त्याचं काय?

पिपेटताई, तुम्ही २३ उघडलात का अजून?

पिपेटवाली

आज उघडला. मग दिवसभर तेच केलं. बसा, सांगते.

लायगंड म्हणजे साधा शिफ बेस आहे, दोन टर्ट-ब्युटिल असलेला सॅलिसिलाल्डिहाइड आणि एथिलीनडायअमीन, केमिस्ट्री म्हणाल तर पहिल्या वर्षाची. २३ नंबर हा २०१६चा पेपर. त्याच्या एसआयमध्ये एक ओळ: आधी वर्णन केलेल्या पद्धतीने बनवला, रेफरन्स ११. तो ११ म्हणजे २००९चा पेपर. त्यात: थोडा बदल करून लिटरेचरप्रमाणे, रेफरन्स ७ बी. बदल काय केला, गप्प. ७ बी हा १९९८चा, लायब्ररीतल्या मॅडमना सांगून मिळवला कारण आम्हाला ॲक्सेस नव्हता. श्वास रोखून उघडला. प्रोसिजर आहे! सविस्तर आहे! पण त्या कंपाउंडवर टर्ट-ब्युटिल नाहीत. साधा सॅलिसिलाल्डिहाइड. दुसराच लायगंड.

म्हणजे २००९पासून सगळे एकमेकांकडे बोट दाखवतायत आणि शेवटच्या बोटापलीकडे आमचा मॉलिक्यूलच नाही. आणि चौथी मी.

स्फटिका

आई गं. हे वाचून पोटात गोळा आला, कारण माझ्या थीसिसमध्ये "लिटरेचरप्रमाणे" असं निदान वीस वेळा असेल.

टीएलसी_प्लेट

डायअमीन सायक्लोहेक्झेनवालं असतं तर सोपं होतं, जेकबसनच्या लायगंडची ऑर्ग. सिंथ.ची (ऑरगॅनिक सिंथेसिस या प्रकाशनाची) प्रोसिजर आहे, १९९८, व्हॉल्यूम ७५, पान १. ऑर्ग. सिंथ.चं एक बरं असतं, छापण्याआधी संपादक मंडळातल्या कुणाच्या तरी लॅबमध्ये ती प्रोसिजर खरंच करून बघतात, त्यामुळे डोळे मिटून, म्हणजे गॉगल लावून, विश्वास ठेवता येतो. पण तुझं एथिलीनडायअमीन आहे, तेव्हा "त्यावरून बेतलेली" एवढंच म्हणता येईल, "त्याप्रमाणे" नाही. हा शब्दाचा फरक महत्त्वाचा आहे हं.

पण मला वेगळीच शंका येतेय. तू लायगंड बनवलास तेव्हा २०१६चा पेपर वाचला नव्हतास, १९९८चा तर नाहीच. मग बनवलास कशावरून?

पिपेटवाली

...

सीनियरच्या नोटबुकवरून.

जुना_बीकर

मग तुमची प्रोसिजर ती. तीच लिहा.

पिपेटवाली

तेच कळलं आज मला. नोटबुक काढलं. १९९८च्या पेपरात इथेनॉल आणि रूम टेंपरेचर आहे, आमच्याकडे मिथेनॉल, दोन तास रिफ्लक्स, आणि समासात दादाने लिहिलंय, "गार झाल्यावर फ्लास्क खरवड, नाहीतर पिवळे क्रिस्टल पडत नाहीत". ही खरवडायची गोष्ट जगातल्या कुठल्याही पेपरात नाही आणि मी पहिल्यांदा केलं तेव्हा त्यावाचून रात्रभर नुसतं पिवळं पाणी बघत बसले होते.

मग आता काय करू? पूर्ण प्रोसिजर एसआयमध्ये टाकते, ग्रॅम, मिलीमोल, मिलीलिटर, खरवडण्यासकट. पण रेफरन्स द्यायचाच नाही का मग? दादाच्या नोटबुकला कसा देणार?

जुना_बीकर

नोटबुकला रेफरन्स देत नाहीत, दादांचं नाव आभारात घ्या, आणि काम मोठं असेल तर लेखकांत. दादांचा थीसिस झाला असेल आणि त्यात हे असेल तर थीसिस साइट करा, थीसिस हा रीतसर स्रोत आहे. विद्यापीठ, साल, जमल्यास पान.

कंपाउंड आधी कुणी बनवलंय त्याचा रेफरन्स मात्र हवाच, नाहीतर नवीन कंपाउंड म्हणून दावा केल्यासारखं होईल. तो शोधायला नावाने शोधू नका, सायफाइंडर किंवा रिॲक्सिस या केमिस्ट्रीच्या डेटाबेसमध्ये स्ट्रक्चर काढून शोधा. सगळ्यात जुना जो डेटासकट सापडेल तो. तुमचे एनएमआरचे आकडे त्याच्याशी ताडून पाहा आणि तसं लिहा. म्हणजे दोन वेगळी वाक्यं झाली, एक, हे कंपाउंड माहीत आहे, अमुक ठिकाणी. दुसरं, आम्ही ते असं बनवलं. तुमच्या जुन्या वाक्यात दोन्ही एका नंबरावर लटकवलं होतं.

एखाद्याचं न छापलेलं काम किंवा तोंडी सांगितलेली माहिती वापरायची असेल तर त्याची लेखी परवानगी घ्यायची, हेही इथेच नोंदवतो. अनेकांना माहीत नसतं.

सोडियम_डी_लाईन

काका, मग रिव्ह्यू द्यायचा की ओरिजिनल? माझ्या रिपोर्टात सुझुकी कपलिंग (दोन कार्बन जोडायची रिॲक्शन) आहे. मी केम. रेव्ह. १९९५ दिलाय, सरळ.

जुना_बीकर

काय सांगायचंय त्यावर आहे. "या रिॲक्शनचा खूप वापर होतो" म्हणायचं असेल तर मियाउरा-सुझुकींचा १९९५चा रिव्ह्यू अगदी योग्य. "ही रिॲक्शन यांनी शोधली" म्हणायचं असेल तर १९७९चा टेट्राहेड्रॉन लेटर्स, पान ३४३७. रिव्ह्यूत वाचलेला एखादा यील्ड किंवा यंत्रणेचा तपशील सांगायचा असेल तर रिव्ह्यूने ज्याकडे बोट दाखवलंय तो पेपर उघडून तो द्यायचा. आणि उघडता आलाच नाही, कुठल्या अनुपलब्ध रशियन जर्नलमध्ये असेल, तर मूळ द्या आणि सोबत केमिकल ॲब्स्ट्रॅक्ट्सचा नंबर द्या, म्हणजे तुम्ही काय वाचलंत ते वाचणाऱ्याला कळेल.

गणिती_रसायन

आणि कशाला द्यायचाच नाही तेही सांगा कुणीतरी. बीअर-लॅम्बर्टच्या नियमाला रेफरन्स लावलेला पाहिलाय मी.

टीएलसी_प्लेट

पाठ्यपुस्तकात असलेल्या गोष्टीला नको. फ्लॅश कॉलमसाठी स्टिलचा १९७८चा पेपर दर वेळी द्यायची गरज मला तरी वाटत नाही, काका कदाचित ओरडतील. पण आकडा आला की द्या. हॅमेटचा सिग्मा वापरला तर हान्श-लिओ-टाफ्ट १९९१, कारण वेगवेगळ्या तक्त्यांत किमती थोड्या वेगळ्या असतात. एनएमआरमध्ये सॉल्व्हेंटचा पीक कितीवर धरला याला जेओसी १९९७चा गॉटलिबचा किंवा ऑर्गनोमेटॅलिक्स २०१०चा फल्मरचा, ज्याचा तक्ता भिंतीवर चिकटवलाय तो द्या :) निस्टच्या (अमेरिकन मानक संस्थेच्या) वेबबुकसारख्या ठिकाणाहून आकडा घेतला तर बघितल्याची तारीख टाका. पेटंट असेल तर नंबराच्या शेपटीकडे बघा, अमेरिकन पेटंटात ए१ म्हणजे नुसता अर्ज, बी२ म्हणजे मंजूर झालेलं, लोक अर्जालाच पेटंट म्हणून मोकळे होतात. प्रीप्रिंट (रिव्ह्यूआधी ऑनलाइन टाकलेला पेपर) दिला असेल तर सबमिट करायच्या आदल्या दिवशी बघ तो छापून आला का.

आणि मागे घेतलेले पेपर! झोटेरो आता रिट्रॅक्ट झालेल्यावर लाल पट्टी दाखवतो, ती बंद करू नका. हेक्झासायक्लिनॉलचं टोटल सिंथेसिस २००६ला आलं, त्याच वर्षी स्ट्रक्चरवरच शंका घेतली गेली, आणि पेपर मागे घेतला गेला २०१२ला. मधली सहा वर्षं तो साइट करायला मोकळाच होता.

जुना_बीकर

स्टिलवरून ओरडणार नाही. वय झालं.

पिपेटवाली

अपडेट. स्ट्रक्चर सर्च केला. कंपाउंड २००९च्याही आधीचं निघालं, भलत्याच ग्रुपचं, डेटासकट, आणि या साखळीतल्या कुणीच त्यांना साइट केलेलं नाही. तो आता २३ आहे. प्रोसिजर पूर्ण लिहिली. १२ आणि ४१ एक केले त्यामुळे पुढचे सगळे नंबर एकने सरकले, मजकुरात सॉफ्टवेअरने बदलले पण फिगरच्या कॅप्शनमधले मी हाताने टाइप केले होते ते तसेच राहिले, हे छापायच्या आधी दिसलं नशीब. दादाला फोन केला, त्याला विचारलं खरवडायचं कुणाकडून शिकलास, तो म्हणाला त्याच्या सीनियरकडून.

सरांना ड्राफ्ट दिला. आत्ता परत आलाय. २३वर बरोबरची खूण. खाली पेन्सिलने, "आणि ३८?"

स्फटिका

=)) =))

शंकासूर

धागाकर्तीला शुभेच्छा वगैरे. माझं मत बदललेलं नाही. सहज म्हणून माझ्या दुसऱ्या पेपरातला ९ नंबर उघडायला गेलो.

टीएलसी_प्लेट

काय निघालं?

शंकासूर

स्टीफन्स, १९९४, व्हॉल्यूम ९८, पान ११६२३. सगळं बरोबर आहे. फक्त जर्नल जे. केम. फिज. लिहिलंय.